सात टांकसाळी, सात सॉव्हरिन: खरेदी आणि मूल्यांकनाच्या नोंदी

6 जानेवारी
कामाची हद्द आज ठरवली. पाचव्या जॉर्जच्या काळातला, म्हणजे 1911 ते 1932 मधला, प्रत्येक टांकसाळीचा एकेक सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटनचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं, घ्यायचा. लंडन, सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, बॉम्बे आणि प्रिटोरिया अशा सात टांकसाळी झाल्या. या एकाच राजाच्या कारकिर्दीत सातही ठिकाणी सॉव्हरिन पडले. त्यामुळे नक्षी, वजन आणि कस सगळीकडे सारखाच राहतो आणि तुलना टांकसाळखुणेपुरती उरते. खरेदी ब्रिटनमध्येच करायची आणि नाणी तिथेच ठेवायची.

तपासणीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आकडे: वजन 7.988 ग्रॅम, 22 कॅरेट म्हणजे 916.7, चोख सोनं 7.322 ग्रॅम (0.2354 ट्रॉय औंस), व्यास 22.05 मिमी, जाडी 1.52 मिमी. 1816 च्या कायद्यानंतर 1817 पासून हे माप बदललेलं नाही. अर्धा सॉव्हरिन म्हणजे 3.994 ग्रॅम आणि 19.3 मिमी. 1870 च्या कायद्याने चलनात चालण्याची खालची मर्यादा 122.5 ग्रेन, म्हणजे 7.938 ग्रॅम, ठेवली होती. त्याच्या खाली गेलेलं नाणं झिजून तिथपर्यंत पोचलं की कुणी घासलं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

11 जानेवारी
साहित्य जमवलं. 0.001 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर (जबड्यांना कागदाची चिकटपट्टी लावून, म्हणजे ओरखडा उठत नाही), 10 पटीचं भिंग, वाकवता येणारा दिवा, लोहचुंबक, 100 मिलिची काचेची चंचुपात्रं दोन, डिस्टिल्ड पाणी, बारीक नायलॉन दोरा.

0.01 ग्रॅमचा काटा विशिष्ट गुरुत्वासाठी (धातू पाण्याच्या किती पट जड, त्यासाठी) का चालत नाही, याचा हिशोब लिहून ठेवला. सॉव्हरिन पाण्यात बुडवला की 0.453 ग्रॅमच्या आसपास पाणी बाजूला सारतो. काटा दोनच दशांश स्थळं दाखवत असेल तर 0.44 आलं की 0.46 हे त्याच्या मर्जीवर असतं. भागाकार करा: 7.98 ÷ 0.44 = 18.1 आणि 7.98 ÷ 0.46 = 17.3. तांब्याची भेसळ असलेल्या 22 कॅरेटचं गुरुत्व 17.6 येतं, 21 कॅरेटचं 16.9 आणि 18 कॅरेटचं 15 च्या आसपास. म्हणजे ढोबळ काट्यावर 18 कॅरेटचं नाणं उघडं पडेल, पण 22 आणि 21 मधला फरक काट्याच्या चुकीतच बुडून जाईल.

रीत: चंचुपात्रात 60 मिलि पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. काट्यावर ठेवून शून्य करायचं. नाणं दोऱ्याला अडकवून पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा भिंतीला टेकवायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सरलेल्या पाण्याचा. साबण कशाला? दातेरी काठात हवेचे बुडबुडे अडकतात. दोन मिमीचा एकच बुडबुडा 0.004 ग्रॅमची भर घालतो आणि 17.6 चं गुरुत्व 17.46 दिसतं. तीन-चार बुडबुडे असले की चांगलं नाणं नापास होतं.

कसोटीचा दगड आणि ॲसिड यादीतून मुद्दाम काढलं. दागिना मोडायला आणला असेल तर सराफाने दगडावर रेघ ओढावी. संग्रहाच्या नाण्यावर तीच रेघ म्हणजे कायमचा तोटा.

19 जानेवारी
भावाचं सूत्र. सोन्याचा भाव रोज हलतो, म्हणून या नोंदींत सगळे हिशोब औंसाला 2,000 पौंड धरून केले आहेत. प्रत्यक्ष दिवशीचा भाव घालून तेच पुन्हा करायचे. 2,000 × 0.23542 = 470.84 पौंड. हा मोडीचा भाव. भारतातला भाव डोळ्यापुढे असेल तर 24 कॅरेटच्या 10 ग्रॅमच्या भावाला 0.732 ने गुणलं की झालं.

त्यावर दोन थर चढतात. एक विक्रेत्याचा फरक. दुसरा वर्ष, खूण आणि प्रत (नाणं किती कमी झिजलं) यांचा. पहिला थर विकताना परत मिळत नाही. दुसरा मिळतो, पण समोरच्याला तो पटवता आला तरच.

लिलावातून घ्यायचं की दुकानातून, हे आकड्यांनीच ठरवलं. हातोडा 520 पौंडांवर पडला, खरेदीदाराचं कमिशन 24 टक्के, त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट. 520 + 124.80 + 24.96 = 669.76. मोडीच्या भावापेक्षा 42 टक्के जास्त. उलट गणित केलं तर एकूण 560 मध्ये बसायला बोली 434 पौंडांवर थांबवावी लागते, आणि मोडीच्या खाली साधं नाणं कुणी सोडत नाही. म्हणून साध्या तारखा दुकानातून, कमी मिळणाऱ्या लिलावातून. अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. बोली लावण्याआधी कमिशनचा तक्ता वाचायचा, नंतर नाही.

करांबद्दल एक ओळ: 1837 पासूनचे सॉव्हरिन ब्रिटनमध्ये कायदेशीर चलन मानले जातात, म्हणून तिथल्या रहिवाशाला त्यांच्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. 1800 नंतरचं, 900 पेक्षा कमी नसलेल्या कसाचं, कायदेशीर चलन असलेलं किंवा कधीकाळी असलेलं आणि सोन्याच्या किमतीच्या 180 टक्क्यांपेक्षा सहसा महाग न विकलं जाणारं नाणं गुंतवणुकीचं सोनं ठरतं आणि त्याला व्हॅट माफ. जुन्या गिनीला, म्हणजे सॉव्हरिनच्या आधीच्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याला, ही सूट आपोआप लागू होत नाही.

2 फेब्रुवारी
पहिली तीन नाणी: लंडन 1912, मेलबर्न 1915, पर्थ 1913. तिन्ही एकाच दुकानातून, मोडीवर 5 टक्के देऊन, म्हणजे प्रत्येकी 494 च्या आसपास.

वजनं 7.98, 7.97, 7.98. व्यास तिन्हींचा 22.0 च्या वर. गुरुत्व 17.6, 17.5, 17.6. मेलबर्नचं नाणं जास्त वापरलेलं आहे. राजाच्या बाजूला गालफड, मिशी आणि कानावरचे केस सपाट झालेत. घोड्याच्या बाजूला, जिथे घोड्यावरचा सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतो, त्याची छाती आणि घोड्याचा पुठ्ठा. प्रत ठरवताना याच जागा आधी बघायच्या, कारण सर्वांत उंच तिथेच आहे.

प्रतीच्या शब्दांत एक घोळ कायम होतो. ब्रिटिश विक्रेता ज्याला एक्स्ट्रीमली फाइन म्हणतो, ते अमेरिकी 70 गुणांच्या मोजपट्टीवर बहुतेक वेळा एयू (जवळजवळ न वापरलेलं) 50 च्या पुढे बसतं, एक्सएफ (तिथलं एक्स्ट्रीमली फाइन) 40 मध्ये नाही. एका यादीतला शब्द दुसऱ्या यादीच्या भावाशी जोडला की हिशोब चुकलाच.

खुणा जमिनीच्या रेघेवर, तारखेच्या मध्यावर वरच्या बाजूला आहेत: मेलबर्नची एम, पर्थची पी. लंडनला खूण नाही. व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याच्या नाण्यांत हीच खूण घोड्याच्या प्रकारात राणीच्या मानेखाली आणि ढालीच्या प्रकारात (मागे घोड्याऐवजी ढाल) हाराखाली असते. तिथे न बघता ‘खूण नाही, म्हणजे लंडन’ असं म्हणणारे पुष्कळ.

9 फेब्रुवारी
सिडनी 1914, मोडीच्या भावाला देऊ केलेलं. परत केलं.

वजन 8.02 आलं. जुनं नाणं जड भरलं की आनंद मानायचा नसतो. झीज वजन कमी करते. वाढवतो तो फक्त बाहेरून आलेला धातू. भिंगाखाली बाराच्या जागी (घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, म्हणजे वर मधोमध) काठाचे पाच-सहा दाते बुजलेले आणि त्या जागेचा रंग बाकीपेक्षा फिकट. कडी झाळून लावली होती, नंतर काढून घासली. झाळ तिथेच राहिली. तसं नाणं मोडीच्याही थोडं खाली घ्यायला हरकत नसते, पण या मालेत नको.

कडीचे प्रकार दोन. झाळलेली कडी एकाच जागी डाग ठेवते, बहुधा बाराला. नख्यांची चौकट असेल तर बारा, तीन, सहा, नऊ या चार जागी काठाला चिमटा बसल्यासारखी चमक दिसते आणि झाळ नसते. दुसरा प्रकार चुकवणं सोपं आहे, कारण वजन बरोबर येतं आणि दोन्ही बाजू स्वच्छ असतात. आमचा नियम: नाणं हातात आलं की आधी काठ पूर्ण फिरवून बघायचा, मग राजा, मग घोडा. विक्रेत्याच्या फोटोत काठ कधीच नसतो. तो मागून घ्यायचा.

आपल्याकडच्या घरांतल्या सॉव्हरिनांना हे जास्त लागू. कितीतरी गळ्यात घातले गेले आणि सणावाराला रिठ्याच्या पाण्यात घासून लखलखीत केले गेले. रिठ्याने सोनं जात नाही. पण ब्रशाने टांकसाळीची मूळ झळाळी जाते आणि पृष्ठावर एकाच दिशेचे बारीक केस उमटतात. दिवा तिरका धरला की ते लगेच दिसतात.

14 फेब्रुवारी
सिडनी 1911 मिळाला. 7.98, काठ शाबूत, एका गालावर तांब्याचा लालसर ठिपका. तो ठिपका भेसळीतल्या तांब्याचा आहे, दोष नाही, आणि काढायचा प्रयत्न करायचा नाही. सिडनीच्या 1920, 1921, 1922 आणि 1926 या दुर्मिळ तारखा कुणी साध्या भावात देऊ केल्या तर आधी दोन पावलं मागे.

17 फेब्रुवारी
खूण नसलेला 1917, ‘लंडन’ म्हणून. लंडनमध्ये त्या वर्षी दहा लाखांवर सॉव्हरिन पडले, पण त्यातले बहुतेक युद्धखर्चापायी अमेरिकेला गेले आणि वितळले. त्यामुळे टांकसाळीचा आकडा मोठा आणि बाजारातली संख्या नगण्य. दुर्मिळता बाजूला ठेवलेल्या नाण्यांवर ठरते, पाडलेल्यांवर नाही.

याच कारणाने हे वर्ष लबाडीचं आवडतं आहे. सोपी युक्ती अशी: पर्थ, सिडनी किंवा मेलबर्नचा खरा 1917 घ्यायचा आणि खूण खरवडून टाकायची. मग वजन, कस, गुरुत्व, व्यास सगळं पास होतं, कारण नाणं खरंच आहे. खोटी आहे ती फक्त रिकामी जागा. दिवा जवळजवळ आडवा करून तारखेवरची जमिनीची रेघ पाहिली. 9 आणि 1 यांच्या मधोमध रेघ जरा खोलगट, आणि तिथली चमक शेजारच्या मातकट पृष्ठापेक्षा वेगळी. नाकारला. असं नाणं मान्यवर प्रमाणन संस्थेच्या बंद डबीत नसेल तर मोडीच्या भावापलीकडे एक पौंडही द्यायचा नाही, मग नाणं कितीही चांगलं दिसो.

1 मार्च
बॉम्बे 1918. या मालेतलं सगळ्यांत जवळचं नाणं, म्हणून वेळही जास्त दिला.

रॉयल मिंटची शाखा 1918 मध्ये मुंबईच्या टांकसाळीच्या आवारातच उघडली आणि 1919 मध्ये बंद झाली. युद्धकाळात सोनं जहाजाने हलवणं धोक्याचं होतं. लंडनहून साचे यायला उशीर होता, तेवढ्या वेळात त्याच वजनाची आणि त्याच कसाची 15 रुपयांची मोहर पाडली गेली. 15 रुपये म्हणजे एक पौंड हा तेव्हाचा ठरलेला दर, म्हणून आकडा तसा. सॉव्हरिन एकूण सुमारे 13 लाख पडले आणि सगळ्यांवर तारीख 1918 आहे, दुसरं वर्ष नाही. बॉम्बेची 1919 दिसली तर वाद घालायची गरज नाही.

खूण ‘आय’, म्हणजे एक उभी रेघ. इथेच फसगत होते. झिजलेल्या नाण्यावर ती ओरखड्यासारखी दिसते, आणि नसलेली खूण ‘झिजली असेल’ म्हणून मानून घेतली जाते. लंडनने 1918 ची तारीख घातलेला सॉव्हरिन पाडलाच नाही. म्हणून 1918 वर खूण सापडत नसेल तर नाणं लंडनचं असूच शकत नाही. ते छेडलेलं किंवा खोटं आहे.

आणखी एक तपास: पर्थच्या ‘पी’चं पोट खरवडलं तर उरते उभी रेघच. पण पी ची रेघ मध्याच्या डावीकडे असते. म्हणून आलेली खूण पारदर्शक पट्टीने मोजली. तारखेच्या मध्यावर आहे, उजवीकडची जमीन सपाट आणि बाकीच्या पृष्ठासारखीच मळलेली. वर-खाली आडव्या टोप्या स्वच्छ. वजन 7.97, गुरुत्व 17.5, दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या. नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की घोडाही सरळच दिसला पाहिजे. दहा-पंधरा अंश कलला तर संशय धरायचा.

मोडीवर 18 टक्के, 555 पौंड. ब्रिटनमधल्या विक्रेत्याकडून घेतला, आणि हे मुद्दाम लिहिलं आहे. ‘मुंबईत स्वस्त मिळेल, येताना घेऊन या’ ही सूचना पहिल्याच दिवशी बाद केली. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. 1918 चं नाणं ती रेघ केव्हाच ओलांडून गेलं. घरातली वारशाची गिनी असली तरी नियम तोच.

15 मार्च
ओटावा 1911, लिलावातून. बोली 450 वर थांबवायचं ठरलं होतं आणि 440 ला मिळालं. कमिशन आणि व्हॅट धरून 566.72. सी खूण स्पष्ट. ओटावाच्या 1913 आणि 1916 या तारखा वेगळ्या पातळीच्या आहेत आणि सातव्या एडवर्डच्या काळातला 1908 तर फक्त 636 पडला होता. त्यांचा विचार डबीबंद प्रतीशिवाय नको.

29 मार्च
प्रिटोरिया 1927, मोडीवर 5 टक्के. एसए खूण. इथे 1923 आणि 1924 सोडून बाकी तारखा सहज मिळतात. 1929 पासून राजाचा चेहरा किंचित लहान केला गेला. मोठ्या आणि लहान चेहऱ्याची नाणी शेजारी ठेवली की काठाशी सुटलेली जागा वेगळी दिसते. 1927 वर लहान चेहरा असता तर तिथेच खोटं पकडलं असतं.

याच खेपेत एक 1925 लंडनही बघितला, घेतला नाही. ही तारीख स्वस्त का, हे माहीत असावं: 1949 ते 1952 च्या दरम्यान लंडनने 1925 च्याच तारखेचे सॉव्हरिन पुन्हा पाडले.

विसाव्या शतकाच्या मध्याला इटली आणि लेबनॉनमधून आलेले खोटे सॉव्हरिन बरेचदा खऱ्या सोन्याचेच असतात. पकडायचं नक्षीवरून: अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, काठालगतचे दाते जाड-बारीक, मोकळ्या पृष्ठावर बारीक फोड. या लाटेला उत्तर म्हणूनच रॉयल मिंटने 1957 मध्ये सॉव्हरिन पुन्हा पाडायला घेतले. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) कस बरोबर दाखवेल, पण नाणं कुठे पडलं ते सांगणार नाही. शिवाय ते वरचा पातळ थरच वाचतं.

5 एप्रिल
गिनीबद्दल. आपल्याकडे सॉव्हरिनला सर्रास गिनी म्हणतात. लंडनच्या दुकानात गिनी मागितली तर वेगळं नाणं पुढे येईल: 1663 ते 1813 या काळातलं, 8.35 ग्रॅमचं, 1717 पासून 21 शिलिंगांचं. त्याची मोड या नोंदींच्या भावाने 492 पौंड. तुलनेसाठी 1787 ते 1799 मधली फावड्याच्या आकाराच्या ढालीची गिनी शोधत होतो. ‘जुन्या पेटीतली 1768 ची’ म्हणून जी आली ती पितळी निघाली, पत्त्यांच्या डावात वापरायची चकती. वजन करायचीही गरज पडली नाही: ती ढाल 1787 च्या आधी नव्हतीच. खऱ्या गिनीचा शोध पुढच्या खेपेला.

12 एप्रिल
साठवण. पीव्हीसीची मऊ पाकिटं काढून टाकली, त्यांतला चिकट पदार्थ नाण्यावर उतरतो. मायलार या प्लास्टिकची पाकिटं आणि सॉव्हरिनच्या मापाच्या कडक गोल डब्या घेतल्या. मेलबर्नच्या नाण्यावर पाकिटाचा हिरवट तेलकटपणा होता. शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, नंतर डिस्टिल्ड पाणी. पुसायचं नाही, टिपकागदावर ठेवून सुकू द्यायचं.

प्रत्येक डबीमागे चिठ्ठी: टांकसाळ, वर्ष, वजन, गुरुत्व, दिलेली किंमत, त्या दिवशीची मोड, काठाचा फोटो क्रमांक. एकूण खर्च 494 × 4 (लंडन, मेलबर्न, पर्थ, प्रिटोरिया) + सिडनी 499 + बॉम्बे 555 + ओटावा 566.72 = 3,596.72 पौंड. सातांची मोड 3,295.88. वरचे 300.84 पौंड, आणि त्यातले 180 बॉम्बे आणि ओटावा या दोनच नाण्यांचे.

काम बाकी: बॉम्बेच्या नाण्याचा काठ चार दिशांनी पुन्हा फोटोत घ्यायचा आहे, नवाच्या जागचा फोटो हलला आहे.